देवधानोऱ्याची पाणपोई

येसोबा महाराज देवधानोऱ्यात आले तेव्हा ते गाव धड खेडे राहिले नव्हते आणि धड शहर झाले नव्हते. कापसाचा जीन होता, हायस्कूल होते, मंगळवारचा मोठा बाजार भरायचा आणि नुकतीच नगरपालिकाही मिळाली होती. महाराज वेशीतून आत आले, बाजारचौक ओलांडून गेले आणि जिनामागच्या जुन्या आडाजवळ जे बसले ते बसलेच. पुढे लोकांनी डोक्यावर पत्रे टाकून दिले आणि त्या जागेला मठ म्हणू लागले. महाराज बोलायचे थोडे. कुणी कोर्टाची तारीख घेऊन येई, कुणी पोरीच्या लग्नाची काळजी घेऊन येई. महाराज आधी म्हणायचे, "बस. उन्हातून आलास, पाणी पी." पुष्कळांचे तर पाणी पिऊन झाल्यावर विचारायचे काही उरतच नसे.

त्याच महाराजांनी एका उन्हाळ्यात गावाला सांगितले, "बाजाराला लांबलांबची माणसे येतात. चौकात लिंबाखाली पाणपोई घाला. नेम एकच. पेला ठेवायचा नाही. येईल त्याने वाकून ओंजळ धरायची. आणि वाढणाऱ्याने ओंजळ बघायची, तोंड बघायचे नाही. तोंड बघितले की हा कोण, तो कुठला, सुरू होते."

गावाने मोठ्या हौसेने मांडव घातला, रांजण आणले, आळीआळीला वार लावून दिले. मंगळवार पेठेचा, बुधवार कासारआळीचा, गुरुवार कोष्टीआळीचा, असे. पहिल्या उन्हाळ्यात तर पाणी वाढण्यावरून भांडणे झाली! बड्या घरच्या सुना डोक्यावर घागर घेऊन आडावर यायच्या. आणि मग काय झाले? आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या कामांचे होते तेच झाले! एका आळीत लग्न निघाले, दुसरीत कुणाची कंबर धरली, तिसरीला वाटले आपला वार करील कुणीतरी. कोष्टीआळीत राहीबाई नावाची एक विधवा होती. मूलबाळ नाही, माग विकलेला, कुणाच्या लाह्या, कुणाच्या कुरडया करून पोट भरायची. तिला नाही म्हणता येत नसे. "राहीमावशी, आजचा दिवस बघ ना गं," असे म्हटले की बाई चुंबळ उचलायची. आजचा दिवस, उद्याचा दिवस करता करता साऱ्या गावाचे वार तिच्या डोक्यावर आले. पाणपोईचे कसे, असे कुणी विचारले तर गाव म्हणायचे, "राहीमावशी आहे ना!"

म्हणायला काय जाते हो? पाणी वाहून मान राहीबाईची मोडत होती.

उजाडायच्या आत तिची पहिली खेप निघायची. मठासमोरून जाताना डोक्यावरची घागर सांभाळीत ती नुसत्या डोळ्यांनी महाराजांना नमस्कार करायची. मग दिवसभर रांजणापाशी उभे राहायचे, ओगराळ्याने पाणी वाढायचे, रांजण खाली गेला की पुन्हा आड गाठायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर भाकरी थापायचे त्राण नसे. सकाळचा शिळा तुकडा पाण्याबरोबर खाऊन ती भिंतीला टेकायची. दुखणे असे काही नव्हते. थकवा होता, आणि तो रात्रभर झोपूनही जात नव्हता. पूर्वी ओंजळीत पाणी पडताना ती 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायची. हल्ली तेही तोंडातून निघत नसे. आपली भक्ती आटली, असे तिला वाटायचे आणि तिला त्याची फार लाज वाटायची. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

नगरपालिकेचे अध्यक्ष होते अमृतराव भोईटे वकील. माणूस कर्तबगार, यात शंका नाही. गावात नळ त्यांनीच आणले. बाजारचौकात, पाणपोईच्या समोरच, त्यांनी नळकोंडाळे बांधले आणि त्यावर स्वतःच्या नावाची संगमरवरी फरशी बसवली. पण उन्हाळा आला की नळाला सकाळी जरा वेळ पाणी यायचे आणि पुढे दिवसभर तोटी नुसती सूं सूं करायची. लोक फरशीवरचे नाव वाचायचे आणि लिंबाखाली जाऊन पाणी प्यायचे. अमृतरावांच्या डोळ्यांत हे खुपायचे.

येताजाता ते राहीबाईला डिवचायचे. "काय राहीबाई, स्वर्गात जागा पक्की झाली का? का तिथेही घागरीच वाहायला लावणार आहेत?" बरोबरची माणसे हसायची. राहीबाई वर बघायची नाही. पुढची ओंजळ आलेली असायची, ती त्या ओंजळीत पाणी घालायची.

त्या वर्षी अमृतरावांच्या मनात आले, की पाणपोई काढायची आणि त्या जागी कारंजे करायचे. घ्या! प्यायला पाणी नाही आणि उडवायला कारंजे! नगरपालिकेच्या सभेत विषय निघाला तेव्हा सभासदांची पंचाईत झाली. महाराजांच्या जागेला हात लावायची त्यांना भीती, आणि अध्यक्षांना नाही म्हणायची त्याहून भीती. सगळे खाली बघत बसले. तेव्हा अमृतरावांनीच वाट काढली. राहीबाईला बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर उभे केले.

"नगरपालिका धर्माच्या आड येणार नाही," ते म्हणाले. "पाणपोई चालते तोवर चालू दे. पण जागा सरकारी आहे, अडवून ठेवायची नाही. उन्हाळ्यात एक दिवस जरी तिथे पाणी वाढायला माणूस दिसले नाही, तर त्याच दिवशी मांडव निघेल. काय राहीबाई? तुमचे तर देवाचे काम. देवाला सुट्टी नसते, मग तुम्हाला कशाला हवी?"

हशा झाला. त्या सभेत कासारआळीचे गणपतशेठ होते, पेठेतले बडे लोक होते, ज्यांच्या आळीचे वार ती बाई वर्षानुवर्षे करीत होती ते सगळे होते. आमचा वार आम्ही करू, एवढे एक वाक्य कुणाच्या तोंडून निघाले नाही! गणपतशेठ आपली नखे न्याहाळत बसले. राहीबाई "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून पुन्हा रांजणापाशी गेली. दुसरे काही सुचण्याइतके बळच तिच्यात उरले नव्हते.

त्या दिवसापासून थकव्यात भीतीची भर पडली. आपण आजारी पडलो तर? पाय मुरगळला तर? महाराजांनी घातलेली पाणपोई आपल्या हातून बुडणार, या धास्तीने तिला घास गिळवेना. कुणाला हाक मारावी म्हटले, तर शेजारीण म्हणाली, "मावशी, नको गं बाई. अध्यक्षांचे लक्ष आहे पाणपोईवर. आमच्या यांची नोकरी नगरपालिकेत." ज्याची त्याची अडचण खरीच होती, त्यांना तरी काय बोलावे!

चैत्र संपत आला. ऊन असे, की दुपारी कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडत. आणि एका मंगळवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, राहीबाई अंगात ताप घेऊन उठली. तशीच चुंबळ घेऊन आडावर गेली. घागर भरली, पण ती काही डोक्यापर्यंत जाईना. एकदा उचलली, पुन्हा उचलली, आणि मग ती घागरीशेजारी मठाच्या पायरीवर मटकन बसली.

महाराज आतून बाहेर आले. "राहे, काय गं?"

"काही नाही महाराज. जाते."

"कुठे जातेस? तुझ्या डोळ्यांना समोरचे दिसते का?"

"आज बाजार आहे. मी नाही गेले तर मांडव काढतील. अध्यक्षसाहेब टपून बसलेत." एवढे बोलता बोलता तिचा बांध फुटला. "महाराज, मी थकले हो! खरे सांगते, मला कंटाळा आला तुमच्या पाणपोईचा. पुण्य नको, काही नको. माझ्या तोंडात देवाचे नावसुद्धा येत नाही आता. लोक ओंजळ धरतात आणि मला वाटते, कशाला आला हा आणखी एक? असली मी पापीण. तुमचे काम माझ्या हातून बाटले."

बोलून गेली आणि घाबरली. आता महाराज रागावतील, तोंड बघणार नाहीत, असे तिला वाटले. तिने मान वर केली तर महाराजांच्याच डोळ्यांत पाणी!

"अगं वेडे," महाराज म्हणाले, "इतके दिवस बोलली का नाहीस? थकलेल्याने थकलो म्हणावे. त्यात कसले आले पाप?" त्यांनी आपली घोंगडी आणली, मठाच्या सावलीच्या कोपऱ्यात अंथरली. "झोप इथे."

"पण महाराज, चौकात कुणी दिसले नाही तर—"

"झोप म्हणतो ना! आज तुला दुसरे काम नाही."

गुरूची आज्ञा झाली. राहीबाईने अंग टाकले. दूर बाजारात येणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते, ते तिला थोडा वेळ ऐकू आले, आणि मग काहीच ऐकू आले नाही.

जाग आली तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरून आडाच्या काठावर गेले होते. राहीबाई ताडकन उठून बसली. दिवस मावळायला आला! ताप उतरला होता, अंग हलके झाले होते, पण तिला त्याचे भान कुठले? महाराज दाराशी बसले होते. त्यांना काही न विचारता ती अनवाणीच चौकाकडे धावत सुटली. गेली, पाणपोई गेली! मांडवाचे वासे रस्त्यावर पडलेले असतील, रांजण फुटलेला असेल, आणि आपण झोपलो होतो, झोपलो!

वाटेत बाजारावरून परतणारा एक गाडीवान म्हणाला, "मावशे, देव तुझे बरे करो. आजच्यासारखे गार पाणी कधी प्यालो नाही." पुढे भाजीवाली म्हणाली, "राहीमावशी, आताच तर तिकडे होतीस, इकडून कशी आलीस?" राहीबाईला वाटले, थट्टा करतात. गावाने माझी थट्टा करायची एवढीच बाकी राहिली होती. तिला हुंदका आला, पण ती थांबली नाही.

चौकात आली आणि जागच्या जागी उभी राहिली. मांडव शाबूत होता. रांजण तोंडापर्यंत भरलेला. खालची जमीन दिवसभराच्या पाण्याने ओली झाली होती. लिंबाच्या बुंध्याशी, त्या ओल्या मातीत, नगराध्यक्ष अमृतराव भोईटे बसले होते. टोपी मांडीवर, धोतराला चिखल. भोवती बाजारकरी आणि गावकरी गोळा झाले होते.

राहीबाईला बघताच अमृतराव उठले. त्यांनी हात जोडले.

"मावशी," ते म्हणाले. या माणसाने तिला आजवर कधी मावशी म्हटले नव्हते. "तुम्ही झोपला होतात ना? मठात?"

"चुकले साहेब," राहीबाई म्हणाली. "ताप होता. एक डाव माफ करा."

"माफ कसले! ऐका तर. दुपारी शिपायाने मला सांगितले, राहीबाई मठात झोपली आहे. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण वकील माणूस, म्हटले आपल्या डोळ्यांनी बघावे. मठावर गेलो. महाराज दाराशी बसून तुमच्या अंगावरच्या माश्या वारीत होते. मला म्हणाले, हळू बोला, झोपली आहे. मी तुम्हाला नीट बघितले. हीच साडी, हाच कपाळावरचा व्रण. मग तसाच माणसे घेऊन इथे आलो, मांडव उतरवायला."

"मग?" गर्दीतून कुणीतरी विचारले.

"इथे ही झुंबड! रांग लागलेली आणि पाणी वाढणे चाललेले. म्हटले, कोण दुसरीच बाई आणून उभी केली? विचारले तर लोक म्हणाले, दुसरी कोण, राहीमावशी आहे ना! प्रत्येकजण वाकून पितो, वर कोण बघतो? मी पुढे घुसलो. उन्हात दोनदा हेलपाटा झालेला, घशाला कोरड पडली होती. कसे झाले कोण जाणे, माझेही हात पुढे झाले. मी वाकलो. ओंजळीत पाणी पडले. मी अध्यक्ष आहे म्हणून जास्त नाही, वैरी आहे म्हणून कमी नाही. ते पाणी पोटात गेले आणि मग मी मान वर करून तोंड बघितले. चेहरा तुमचाच. पण बघताक्षणी मला कळले, ही राहीबाई नव्हे."

अमृतराव पुढे सांगू लागले. "माणसांना परत पाठवले आणि इथे बसलो तो बसलोच. बाजार उठेपर्यंत पाणी वाढणे चालले होते. रांजणात कुणी पाणी ओतताना मी बघितले नाही. आता थोड्या वेळापूर्वी ओगराळे झाकणावर ठेवले, पदराला हात पुसले, लिंबाच्या मागे गेली आणि पलीकडून बाहेर आली नाही."

राहीबाई ऐकता ऐकता रडायला लागली. "माझ्यापायी!" ती म्हणाली. "मी कंटाळले म्हणाले, आणि माझ्यापायी त्याला उन्हात उभे केले! आग लागो माझ्या झोपेला!"

"झोपेला नावे ठेवू नकोस," मागून आवाज आला. येसोबा महाराज आले होते. आडाकाठी राहिलेली राहीबाईची घागर त्यांच्या खांद्यावर होती. ती उतरवताना त्यांना धाप लागली. महाराज म्हातारे झाले होते, हे गावाच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले.

अमृतरावांनी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून काय होते, वकीलसाहेब? मी तर दिवसभर माश्या वारीत होतो. तुम्हीच बघितले."

"मग इथे कोण होते, महाराज?"

महाराज दमल्यासारखे हसले. "गावाने सगळे एका बाईवर टाकले. तिने ते त्याच्यावर टाकले. त्याने कुणावर टाकायचे? त्याला यावेच लागले." मग त्यांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली. "आता त्याला आणखी किती दिवस इथे उभे करायचे, तेवढे गावाने ठरवावे. मी काय सांगणार!"

कुणाला मान वर करवेना. बायका पदरात तोंड लपवून उभ्या होत्या. शेवटी गणपतशेठ खाकरले. "उद्या बुधवार," ते म्हणाले. "उद्याचा वार कासारआळीचा आहे. आम्ही येऊ." कोष्टीआळीतून कुणी म्हणाले, गुरुवार आमचा. आणि अमृतराव खाली बघत म्हणाले, "आजचा वार पेठेचा होता. म्हणजे माझ्याच घरचा होता. मी तो करायचा सोडून मांडव मोडायला आलो." सभेत घातलेली अट त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर मागे घेतली. कारंज्याचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

लोक पांगू लागले. अमृतरावही निघाले होते. तेवढ्यात राहीबाई संकोचत संकोचत पुढे आली. जन्मभर तिने कुणाला स्वतःसाठी काही विचारले नव्हते.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना, मावशी."

"तुम्ही म्हणालात, चेहरा माझाच होता. तरी बघताक्षणी ओळखले, मी नव्हे म्हणून. ते कशावरून?" आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "कशी दिसत होते हो मी?"

अमृतराव दोन पावले परत आले.

"थकलेल्या दिसत नव्हता, मावशी," ते म्हणाले. "इतकी वर्षे रोज तुम्हाला बघतो आहे. तसा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. आम्ही तो दिसूच दिला नाही."

एवढे बोलून नगराध्यक्ष अमृतराव भोईटे भर बाजारचौकात राहीबाईच्या पायांवर वाकले. "अहो साहेब, अहो, हे काय!" करीत ती मागे सरकली. पण मागे रांजण होता, तिला सरकायला जागा नव्हती.

थकल्याभागल्यांची झोप राखणाऱ्या येसोबा महाराजांना दंडवत असो.